आधी डोकं, मग मशीन

परीक्षेसाठी घोकलेला डायक्स्ट्राचा अल्गोरिदम आठवतोय? नेदरलँड्सच्या एड्सगर डायक्स्ट्राला तो १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कॅफेत, होणाऱ्या बायकोसोबत कॉफी पिताना सुचला. वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय! पुढच्या वर्षी लग्नाच्या नोंदणीत त्यानं व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ सांगितला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला गेला.

टेस्टिंगनं चुका सापडतात, पण चूक उरलीच नाही हे सिद्ध होत नाही. म्हणून प्रोग्रॅम आधी विचारानं पक्का करा, हा त्याचा हट्ट. १९६८ मध्ये ‘गो टू’विरुद्ध पत्र छापून त्यानं वाद पेटवला, १९७२ चा ट्युरिंग पुरस्कारही मिळवला. बेसिक शिकलेल्या पोरांवरची त्याची टीका मात्र जरा अतीच होती. टिपणं तो फाउंटन पेननं लिहायचा आणि झेरॉक्स काढून वाटायचा. २००२ मध्ये गेला, तोवर त्यांचा आकडा तेराशेच्या वर पोचला होता.