जन्मजात कवच

पाउल एर्लिख ह्यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन ह्या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव त्या वेळी प्रशियाच्या राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. विद्यार्थिदशेतच त्यांना रंगांचा छंद जडला. कोणता रंग कोणत्या पेशीला धरतो, हे सूक्ष्मदर्शकातून पाहण्यात त्यांचे तासन्‌तास जात. १८७८ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवून ते बर्लिनच्या रुग्णालयात काम करू लागले.

१८८८ च्या सुमारास त्यांना क्षयाने गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले व प्रकृती सुधारताच १८८९ मध्ये परतले. पुढे क्षयाच्या जंतूंचा शोध लावणाऱ्या रॉबर्ट कॉख ह्यांनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावून घेतले.

शरीरात प्रतिकारशक्ती कशी येते, ह्या प्रश्नाने एर्लिख ह्यांच्या मनात घर केले होते. प्रयोगासाठी त्यांनी एरंडाच्या व गुंजेच्या बियांतील जहाल विषे निवडली. विषाची मात्रा अत्यल्प ठेवून ती हळूहळू वाढवीत नेल्यास उंदरांना ते बाधेनासे होते, असे त्यांना आढळले. पण ही शक्ती पिलांना मिळते काय? आणि मिळत असेल, तर ती कोणाकडून?

त्यांनी उंदरांच्या जोड्या लावल्या. केवळ पिता विषाला दाद न देणारा असला, तर पिलांना काहीच लाभ होत नसे. माता तशी असली, तर मात्र पिले वाचत. मग त्यांनी पिलांची अदलाबदल केली. सामान्य मातेची पिले प्रतिकारक्षम मादीच्या अंगावर पाजताच त्यांनाही संरक्षण मिळाले. महाभारतातील कर्णाला कवच पित्याकडून लाभले होते; ह्या पिलांना ते मातेच्या रक्तातून व दुधातून लाभले. मात्र हे कवच उसने होते. दोन-तीन महिन्यांत ते नाहीसे होई. १८९२ मध्ये एर्लिख ह्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

१९०८ मध्ये त्यांना मेचनिकॉव्ह ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या काळी अनेक नवजात बालके धनुर्वाताने दगावत. अस्वच्छ पात्याने नाळ कापली, की मातीतील जंतू शरीरात शिरत. चांगले दूध पिणारे मूल आठवड्याभरात तोंड उघडीनासे होई. इतक्या लहान बालकाला लस टोचून उपयोग नाही. कारण शरीरात शक्ती येण्यास काही आठवडे लागतात आणि रोग तोवर थांबत नाही. १९२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों ह्यांनी जंतूंचे विष निरुपद्रवी करून लस बनविण्याची रीत शोधली. पुढे ही लस गर्भवती मातेलाच देण्यात येऊ लागली. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भाला मिळतात व मूल जन्मतःच सज्ज असते. ते कवच थोडेच दिवस टिकते. पण संकटही त्याच दिवसांत असते.

लसीबरोबर स्वच्छ बाळंतपणाचाही प्रसार झाला. भारतातील प्रत्येक जिल्ह्यात ह्या रोगाचे प्रमाण दर हजार जन्मांमागे एकाहून कमी झाल्याचे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. एर्लिख ह्यांच्या निधनाला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली होती.