शिकवणाऱ्या विमानांचे शिल्पकार : डॉ. विष्णू माधव घाटगे



मोपाच्या पठारावरून ५ जानेवारी २०२३ रोजी विमानांची ये-जा सुरू झाली. तेव्हापासून आपल्या पेडणे तालुक्यातील मुलांना आकाशाकडे पाहायला नवे निमित्त मिळाले आहे. वर्ग चालू असताना विमानाचा आवाज आला की खिडकीकडच्या बाकांवरील माना वर होतात. पहिले काही दिवस मी रागावत असे. हल्ली मीही क्षणभर थांबतो आणि मग तोच धडा पुढे नेतो.

असेच एकदा नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले की ही विमाने कोण तयार करतात, आणि आपल्याकडच्या कोणी कधी विमान तयार केले आहे का. त्याच आठवड्यात पालक सभा होती. शाळेत राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागाची तुकडी मागावी आणि तोपर्यंत शनिवारी विमान प्रतिकृतींचा वर्ग घ्यावा, असा विचार मी मांडला होता. तेव्हा डिचोलीहून आलेले एक पालक उभे राहिले. गावातल्या, प्राथमिक शाळा मराठीतून शिकलेल्या मुलांना या विमानशास्त्राचा काय उपयोग, त्यापेक्षा दहावीच्या गणिताचा एक तास वाढवा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा प्रश्न मुळीच चुकीचा नव्हता. मुलांचा वेळ मोलाचा असतो. त्या मुलीला आणि त्या पालकांना एकत्र उत्तर द्यावे म्हणून या अंकात डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे चरित्र थोडक्यात सांगत आहे. विमानशास्त्रात हे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र ते क्वचितच भेटते.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या गावी झाला. हे गाव गडहिंग्लज तालुक्यात आहे. पत्रादेवीची सीमा ओलांडून बांदा, तिथून सावंतवाडी, मग आंबोलीचा घाट चढून आजरा आणि पुढे गडहिंग्लज. सुट्टीत या वाटेने आपण कितीतरी वेळा गेलो असू. म्हणजे ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे, ते घाटमाथ्यावरचे आपले शेजारीच. राइट बंधूंनी अमेरिकेत पहिले उड्डाण केले ते १९०३ साली. त्यानंतर पाचच वर्षांनी हे मूल जन्माला आले. विमान हा शब्द तेव्हा आपल्याकडे पुराणात आणि कीर्तनात ऐकू येई. प्रत्यक्ष विमान पाहिलेले माणूस पंचक्रोशीत शोधून सापडले नसते.

मुंबई विद्यापीठात शिक्षण घेऊन घाटगे जर्मनीला गेले. गॉटिंगेन या गावी लुडविग प्रांटल नावाचे थोर शास्त्रज्ञ होते. हवा वाहते कशी, याचे शास्त्र ज्यांनी उभे केले त्यांत प्रांटल यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या हाताखाली काम करून घाटगे यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. घरची भाषा मराठी, मुंबईच्या महाविद्यालयाची इंग्रजी आणि गॉटिंगेनची जर्मन. विषय कठीण आणि भाषा तिसरीच, तरीही त्यांनी तो पार केला. वडिलांच्या बदल्यांमुळे माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. भौतिकशास्त्राचे शब्द मी आधी हिंदीत पाठ केले, मग मराठीत शोधले आणि इंग्रजीत ते शिकवायला शिकलो. तेव्हा तिसऱ्या भाषेची धास्ती मला ठाऊक आहे. त्या धास्तीला बळी पडायचे नसते, हेही अनुभवाने ठाऊक आहे.

प्रांटल यांनी १९०४ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. ती समजायला प्रयोगशाळा लागत नाही. तेरेखोल नदीच्या काठावर उभे राहून पाणी पाहा. मधल्या भागात प्रवाहाला जोर असतो. काठाला टेकलेले पाणी मात्र रेंगाळत असते. म्हणून प्रवाहाविरुद्ध जाणारी होडी काठाकाठाने जाते. विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचेही असेच असते. पंखाला अगदी चिकटलेला हवेचा पातळ थर जवळजवळ थांबलेला असतो आणि वर वर जावे तसा वेग वाढतो. या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. पंखाचे पुढचे टोक बेताने वर असेल तर हवा पंखाला धरून वाहते आणि पंखाला उचल मिळते. नाक प्रमाणाबाहेर वर केले, तर तो थर पंख सोडून देतो, मागे भोवरे होतात आणि उचल एकदम घटते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. यात इंजिन बंद पडलेले नसते. पंखाने हवेवरची पकड गमावलेली असते. शिकाऊ वैमानिकाची खरी परीक्षा इथेच असते, आणि त्याच्यासाठी विमान आखणाऱ्याचीही.

घाटगे परतले तेव्हा भारतात विमान बनवणारा एकही कारखाना नव्हता. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. घाटगे तिथे रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय ३२ होते. महायुद्ध चालू होते. कारखान्यात बहुतेक काम परदेशी विमानांची जोडणी आणि दुरुस्ती यांचेच असे. तशातही घाटगे यांनी दहा माणसे बसतील असे एक ग्लायडर आखले आणि १९४१ मध्ये ते उडालेही. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान. त्याची मालिका निघाली नाही, पण इथल्या माणसाने कागदावर काढलेली रेषा आकाशात टिकते हे सिद्ध झाले.

डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली. कारखान्यात विमानांवर काम करणारा माणूस वर्गात फळ्यापुढे उभा राहिला. मला या चरित्रातील हा भाग सर्वांत मोठा वाटतो. देशात विमानेच बनत नाहीत तर विमानशास्त्र शिकून नोकरी कुठे मिळणार, असा प्रश्न त्या काळच्या पालकांनाही पडला असेल. पण विमाने बनवायची तर आधी ती बनवणारी माणसे तयार असावी लागतात. हा क्रम घाटगे यांनी ओळखला होता.

स्वातंत्र्य मिळाल्यावर हवाई दलाला नव्या वैमानिकांची गरज होती. शिकवण्यासाठी जुनी टायगर मॉथसारखी ब्रिटिश विमाने होती. आपले स्वतःचे प्रशिक्षण विमान आखायचे ठरले आणि १९४८ च्या सुमारास घाटगे यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूरच्या आकाशात ते विमान उडाले. चालवत होते कॅप्टन जमशेद मुन्शी. विमानाचे नाव एचटी-२. भारतात आखलेले आणि भारतात बनवलेले हे पहिले इंजिनाचे विमान. इंजिन मात्र परदेशी होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. सगळे एकाच पिढीत होत नसते.

एचटी-२ ची रचना मुलांनी डोळ्यांसमोर आणावी. पूर्ण धातूचे, खाली पंख असलेले छोटे विमान. आसने दोन, एकामागे एक. शिष्य आणि गुरू दोघांच्याही हाताशी दांडा आणि पायाशी पट्ट्या. शिष्य विमान चालवतो, गुरू पाहत राहतो. चूक झाली की गुरू लगेच विमान हाती घेऊ शकतो, पण चांगला गुरू तशी घाई करत नाही. शिष्याला आपली चूक आपण सुधारण्याइतका अवधी तो देतो, आणि तो अवधी संपण्याआधी हात पुढे करतो. अशा विमानाने शिकाऊ माणसाच्या चुका सोसल्या पाहिजेत. पंखाची उचल सुटण्याआधी त्याने थरथरून सूचना दिली पाहिजे. फार सोपे असेल तर त्यावर शिकलेला वैमानिक पुढे फसतो, आणि फार अवघड असेल तर तो शिकायलाच उरत नाही. आम्हा शिक्षकांना प्रश्नपत्रिका काढताना जी कसरत करावी लागते, तीच इथे जिवाशी गाठ ठेवून करावी लागते.

एचटी-२ वर भारतीय वैमानिकांच्या पिढ्यांनी पहिले धडे घेतले. हे विमान तीस वर्षांहून अधिक काळ सेवेत राहिले. १९५९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशाने आपले हवाई दल उभारायला घेतले, तेव्हा भारतीय अधिकारी मदतीला गेले आणि तिथल्या तरुणांनाही एचटी-२ वरच शिकवले गेले.

पुढे घाटगे यांच्या हाताखाली आणखी विमाने आकाराला आली. १९५८ मध्ये पुष्पक उडाले. हे दोन आसनांचे हलके विमान देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेले आणि अनेक सामान्य घरांतील तरुण त्यावर उडायला शिकले. १९५९ मध्ये टेहळणीसाठी कृषक आले. ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरण या जेट प्रशिक्षण विमानाने पहिले उड्डाण केले. त्यात गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसतात. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाने १९९६ पासून २०११ पर्यंत ज्या विमानांवर चित्तथरारक कसरती केल्या, ती याच किरणची सुधारित आवृत्ती होती. दरम्यान जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरलाच मारुत हे लढाऊ विमान तयार झाले व १७ जून १९६१ रोजी उडाले. टँक यांना हाताशी भारतीय अभियंते मिळू शकले, कारण अशी माणसे घडवण्याचे काम तिथे वीस वर्षे चालू होते.

१९६५ मध्ये भारत सरकारने घाटगे यांना पद्मश्री देऊन गौरवले. ६ डिसेंबर १९९१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या विमानांची यादी पुन्हा एकदा वाचा. एचटी-२, पुष्पक, किरण. यांतले एकही लढाईत नाव गाजवण्यासाठी आखलेले नव्हते. प्रत्येक विमान दुसऱ्याला उडायला शिकवण्यासाठी होते. पराक्रमाच्या बातम्या लढाऊ विमानांच्या येतात. ती चालवणाऱ्यांचे पहिले बोट धरले ते मात्र या साध्या विमानांनी.

आता मी पालक सभेतील प्रश्नाकडे येतो. राष्ट्रीय छात्र सेना १५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिचा हवाई विभाग १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कोलकाता येथे एकेका तुकडीने सुरू झाला, म्हणजे एचटी-२ उडण्याच्या सव्वा वर्ष आधी. शाळेतील छात्रांना त्यात उड्डाणाची तत्त्वे, इंजिनाची ओळख, हवामान आणि विमान प्रतिकृती शिकवल्या जातात. कवायत आणि शिबिरे असतातच. एकता आणि अनुशासन हे तिचे ब्रीद. प्रत्येक छात्र वैमानिक होत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. पण प्रतिकृतीचा एक पंख दुसऱ्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर लांब राहिला, तर ती एका बाजूला कलंडते आणि मैदानात सर्वांदेखत पडते. तिथे रागावणारे कोणी नसते. मूल आपणच पट्टी घेऊन मोजायला बसते. दहावीच्या गणिताचा जो तास आमच्या पालकांना हवा आहे, तो असा मैदानातही भरतो.

नेतृत्वाविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. पुढे चालून हुकूम देणारा तो नेता, असे मुलांना वाटते. घाटगे यांचे आयुष्य वेगळा धडा देते. ज्याच्या हाताखालून स्वतंत्रपणे उडू शकणारी माणसे बाहेर पडतात, तो नेता. तुकडीतील मोठ्या मुलाने धाकट्याच्या हातून प्रतिकृती काढून न घेता ती त्यालाच पुरी करू दिली, तर तोही त्याच वाटेने चालला आहे.

विश्वस्त मंडळींना विनंती की तुकडीसाठीचा अर्ज येत्या बैठकीत विचारात घ्यावा. शनिवारच्या वर्गासाठी थर्माकोल, बांबूच्या काड्या आणि डिंक एवढेच साहित्य पुरे आहे. डिचोलीच्या त्या पालकांना मी पहिल्या वर्गाला येण्याचे निमंत्रण दिले आहे आणि त्यांनी ते स्वीकारले आहे.

आणि नववीतल्या त्या मुलीला उत्तर असे की होय, आपल्याकडच्या एकाने विमाने तयार केली. आंबोलीचा घाट चढला की त्यांचे गाव लागते.