यथार्थदीपिकाकार वामन पंडित

आज गीताजयंती. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीच्या या पुण्यदिनी, गोदातीरीच्या नांदेडच्या शेष कुळाशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या वामन पंडितांचे आम्ही भक्तिभावाने स्मरण करतो. १२९० साली ज्ञानदेवांची ‘भावार्थदीपिका’ उजळली असता १७व्या शतकात आणखी एका टीकेचे प्रयोजन काय? ज्ञानदेवांनी श्लोकाचा भाव फुलविला. काशीत शास्त्राध्ययन केलेल्या पंडितांनी शब्द न् शब्द पारखून त्यातील गूढार्थ उकलला. सुमारे २२,००० ओव्यांची ‘यथार्थदीपिका’ सिद्ध झाली. एवढे पांडित्य एरवी कोरड्या वादात विरावयाचे. परंतु ज्ञानानंतरही सगुणभक्ती उरतेच, हाच अर्थ त्यांना गवसला. आज गीतापाठ करताना एखाद्या शब्दापाशी क्षणभर थांबावे, हीच त्यांना खरी आदरांजली.