पॅरिसच्या आधीची पाच वर्षे

चार्ल्स लिंडबर्ग हे नाव आपण ऐकलेले असते. मे 1927 मध्ये न्यूयॉर्कहून एकट्याने निघून साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरलेला वैमानिक तो हाच. पण त्या उड्डाणाआधीच्या पाच वर्षांत त्याने कोणकोणती कामे पत्करली, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्यापैकी ज्यांना आकाशात जायचे आहे, त्यांनी ते जरूर वाचावे.

लिंडबर्गचा जन्म 4 फेब्रुवारी 1902 रोजी डेट्रॉइट येथे झाला. वडील अमेरिकन संसदेचे सदस्य होते. मुलगा मात्र अभ्यासात रमला नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट टाकून एप्रिल 1922 मध्ये तो नेब्रास्कातील लिंकन गावी विमान शिकायला गेला. सुमारे आठ तासांचे शिक्षण झाले आणि संस्थेने शिकवण्याचे विमानच विकून टाकले. एकट्याने उडायचे तर नुकसानभरपाईची हमी भरावी लागणार होती. तेवढे पैसे त्याच्याकडे नव्हते.

आता काय करायचे? घरी परतणे सोपे होते. त्याऐवजी तो गावोगाव हवाई कसरती करणाऱ्या वैमानिकाबरोबर बिनपगारी मदतनीस म्हणून निघाला. इंजिन पुसले, पंखावर उभे राहून लोकांना खेळ दाखवले, पॅराशूटने उड्या मारल्या. सुकाणू हाती नसले तरी विमानाजवळ राहायला मिळत होते.

1923 मध्ये जॉर्जियात त्याने 500 डॉलरला महायुद्धातले एक जुने ‘जेनी’ विमान घेतले. पहिल्याच प्रयत्नात ते जमिनीवर आपटता आपटता वाचले. बघणाऱ्यांसमोर फजिती झाली. तेव्हा एका अनोळखी वैमानिकाने सोबत बसून त्याच्याकडून काही वेळा विमान उतरवून घेतले आणि त्याच दिवशी संध्याकाळी लिंडबर्ग प्रथमच एकटा उडाला. पुढे माणशी पाच डॉलर घेऊन तो खेड्यातल्या लोकांना फिरवू लागला. रात्री पंखाखाली झोळी बांधून झोपायचे, सकाळी दुसऱ्या शेतात उतरायचे. अनोळखी जमिनीवर उतरण्याची कला त्याला या कामाने दिली.

पोट भरत होते, स्वातंत्र्य होते. तरीही मार्च 1924 मध्ये तो सॅन अँटोनिओला लष्कराच्या उड्डाण शाळेत कॅडेट म्हणून दाखल झाला. जेनीचे इंजिन 90 अश्वशक्तीचे, तर लष्कराच्या विमानांचे 400 च्या घरातले. ती विमाने बाहेर कुठे मिळणार? पण इथे लेखी परीक्षाही होत्या आणि नापास होणाऱ्याला घरचा रस्ता होता. कॉलेजात मागे पडलेला हा मुलगा दिवे मालवल्यानंतरही अभ्यास करू लागला. प्रशिक्षणाच्या काळातच त्याचे वडील वारले. पदवीदानाला आठवडा उरला असताना हवेत दोन विमानांची टक्कर झाली आणि त्याला पॅराशूटने उडी घ्यावी लागली. सुरुवातीच्या 104 कॅडेट्सपैकी 18 शेवटपर्यंत टिकले. त्यांत लिंडबर्ग पहिला आला.

लष्कराला तेव्हा कायम सेवेत वैमानिक नको होते, म्हणून तो राखीव दलात सेकंड लेफ्टनंट झाला. पुढे सेंट लुईसच्या एका कंपनीत त्याने हवाई टपालाचे काम स्वीकारले. एप्रिल 1926 पासून सेंट लुईस ते शिकागो अशा फेऱ्या सुरू झाल्या. लोकांच्या टाळ्या नाहीत, कसरती नाहीत. धुके असो, बर्फ असो, ठरल्या वेळी निघायचे. सप्टेंबरमध्ये शिकागोजवळ धुक्यात उतरायला जागा सापडेना आणि इंधन संपत आले. टाकी बदलून लहान बसवली होती, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. इंजिन बंद पडल्यावर त्याने उडी मारली, पण स्विच बंद केला नव्हता. उरलेले थेंब मिळून इंजिन पुन्हा चालू झाले आणि रिकामे विमान त्याच्याच भोवती घिरट्या घालू लागले! जमिनीवर येताच त्याने आधी टपालाच्या थैल्या शोधून पुढे रवाना केल्या.

त्याच शरद ऋतूतील एका रात्रीच्या टपालफेरीत त्याच्या मनात पॅरिसचा विचार आला. पैसा उभा केला तो सेंट लुईसच्या व्यापाऱ्यांनी. त्याचे काम त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

पुढच्या आयुष्यात त्याच्या राजकीय मतांवर कडक टीका झाली आणि ती अकारण नव्हती. 26 ऑगस्ट 1974 रोजी हवाई बेटांवर त्याचे निधन झाले.

मित्रांनो, या पाच वर्षांत लिंडबर्गने प्रत्येक वळणावर पगाराआधी एक गोष्ट पाहिली: इथे मला काय शिकायला मिळेल? कसरतींनी त्याला हात दिला, लष्कराने शिस्त आणि अभ्यास दिला, टपालाने रात्र आणि खराब हवामान ओळखायला शिकवले. अटलांटिकवर हे तिन्ही धडे एकाच वेळी उपयोगी पडले. आपली पहिली नेमणूक मनासारखी नसली, तर हे आठवावे.