कपाटावरचं नाव

सुट्टीत आजीकडे गेलात की एक काम करा. आतल्या खोलीतलं ते लोखंडी कपाट नीट बघा. आजी त्याला कपाट म्हणतच नाही, ती म्हणते ‘गोदरेज’. गोदरेजमध्ये साड्या, गोदरेजमध्ये शेताची कागदपत्रं, गोदरेजमध्ये सोनं. पण ते खरंच गोदरेजचं आहे का? पुसदमधल्या किती घरांत आंदणात आलेलं ‘गोदरेज’ हे प्रत्यक्षात गावातल्याच एखाद्या कारागिराने पत्रा वाकवून बनवलेलं असेल! ओळखायचं असेल तर दाराच्या मुठीजवळ नाव शोधा, कुलूप बघा, किल्लीवर काय कोरलंय ते वाचा.

आणि हे करताना एका माणसाची आठवण ठेवा. वस्तू कुठे बनली ते तिच्यावर खरं खरं लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी त्याने आपला चालू धंदा बंद पडू दिला होता.

अर्देशीर गोदरेज. जन्म 1868, मुंबईच्या पारशी कुटुंबात. तुमच्याहून थोडे मोठे असताना, तेविसाव्या वर्षी त्यांच्यावर घाला पडला. 1891 मध्ये त्यांची तरुण पत्नी बचूबाई राजाबाई टॉवरवरून पडून गेली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. वकिलीचं शिक्षण घेतलं आणि 1894 च्या सुमारास एका खटल्यासाठी पूर्व आफ्रिकेतल्या झांजिबारला गेले. तिथे लक्षात आलं की अशिलाची बाजू मांडायची तर खऱ्याला मुरड घालावी लागणार. ते त्यांना जमेना. वकिली सोडून सरळ मुंबईला परत! घरच्यांना काय वाटलं असेल, कल्पना करा. शिकलेला मुलगा, हातात काही नाही.

मग एका औषधांच्या दुकानात नोकरी धरली. तिथे शस्त्रक्रियेच्या हत्यारांची ओळख झाली. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून 3,000 रुपये उसने घेऊन अर्देशीर स्वतःच कात्र्या, चिमटे, चाकू बनवू लागले. माल उत्तम होता. घेणारी इंग्रजी कंपनीही तयार होती. अडलं एकाच गोष्टीवर. हत्यारांवर ‘भारतात बनलेलं’ असा शिक्का हवा, हा अर्देशीर यांचा आग्रह. असा शिक्का पाहून कोणी घेणार नाही, हे कंपनीच्या मालकाचं म्हणणं. दोघंही हटले नाहीत. धंदा बुडाला, डोक्यावर कर्ज राहिलं.

तुम्ही असता तर काय केलं असतं? शिक्क्याचं एवढं काय, आधी पैसे तर येऊ देत, असंच आपल्यातले बरेच जण म्हणाले असते.

पुढे वर्तमानपत्रात मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी वाचली आणि त्यांना नवी वाट दिसली. पुन्हा कामांकडूनच पैसे घेतले. 1897 मध्ये लालबागच्या एका शेडमध्ये कुलपांचं काम सुरू झालं. कामांचा पुतण्या बॉईस भागीदार झाला. तो थोड्याच काळात बाहेर पडला, पण ‘गोदरेज अँड बॉईस’ हे नाव कायम राहिलं. म्हणजे पाटीवरचं नाव वाचलं की सगळी गोष्ट कळते असं नाही, हेही यातून शिका.

कुलपानंतर तिजोऱ्या आल्या. स्प्रिंग गंजते, तुटते, म्हणून स्प्रिंग नसलेलं कुलूप त्यांनी तयार केलं, त्याचं पेटंट घेतलं. स्वदेशीची चळवळ जोरात होती, पण स्वदेशी आहे म्हणून कच्चा माल गोड मानून घ्या, हे अर्देशीर यांना पटत नसे. देशी वस्तू चांगली आहे म्हणून विकली गेली पाहिजे, दया म्हणून नाही. 1918 च्या सुमारास जनावरांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण बनवला, त्याचं नाव ‘चावी’. टिळक स्वराज्य फंडाला 3 लाख रुपये दिले, तेही 1921 साली! आणि 1923 मध्ये त्यांच्या कारखान्यातून लोखंडी कपाटं निघू लागली. आजीचं ‘गोदरेज’ तिथून सुरू होतं. सागवानाचं रान जवळ असलेल्या आपल्या भागातही लोखंडी कपाट घरात आलं, कारण त्याला वाळवी लागत नाही आणि चोराला ते फोडणं सोपं नाही.

नंतर कारखाना धाकटे भाऊ पिरोजशा यांच्या हाती सोपवून अर्देशीर नाशिकला शेती करायला गेले. 1936 मध्ये त्यांचं निधन झालं. मूल नव्हतं, मागे नाव राहिलं. 1944 साली मुंबईच्या गोदीत भयंकर स्फोट झाला, तेव्हा आगीत सापडलेल्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाले. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या विक्रोळीच्या कारखान्यात बनल्या. ते बघायला अर्देशीर नव्हते.

आता पुन्हा आजीच्या खोलीत या. कपाटावर नाव सापडलं तर छानच. नाही सापडलं तरी हिरमुसू नका. गावातल्या ज्या कारागिराने ते बनवलं त्याचं नाव आजीला विचारा, तिला नक्की आठवत असेल. ते वहीत लिहून ठेवा. नाहीतर उद्या भंगारवाला किलोच्या भावाने कपाट नेईल आणि ते कोणी बनवलं, हे सांगणारं कुणीच उरणार नाही.