अर्ध्या मिलिमीटरचे पोलाद

दिवाळीच्या सुट्टीत आमचा कॅडेट घरी आला की पहिले दोन दिवस झोपेत जातात आणि तिसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतात. गेल्या दिवाळीत त्याने विचारले की, शिकारीसाठी आणि नेमबाजीसाठी माणसाने पहिले मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर घ्यायचे तर कोणते घ्यावे? कुठल्याशा इंग्रजी चित्रपटात त्याने .44 मॅग्नम पाहिले होते. त्याच्या मते उत्तर ठरलेलेच होते : जे सगळ्यांत मोठे, ते.

मी रायपूरजवळ सिलतऱ्याला एका पोलाद कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. बंदुकांतले मला फार कळत नाही, पोलादातले थोडेफार कळते. पोलाद का फुटते याविषयी वाचता वाचताच मला एल्मर कीथ हा माणूस भेटला होता. मुलगा ज्या .44 मॅग्नमवर भाळला होता, त्यामागे याच माणसाचा तीस वर्षांचा हट्ट होता. म्हणून त्याला उत्तर देण्याऐवजी मी कीथ यांचे आयुष्य सांगितले. तेच इथे कॅडेट मित्रांसाठी आणि पालकांसाठी लिहितो.

कीथ यांचा जन्म 8 मार्च 1899 रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात हार्डिन या गावी झाला. पुढे कुटुंब मोंटाना राज्यात गेले. तिथे मिझुला गावात ते राहत होते त्या इमारतीला आग लागली आणि हा लहान मुलगा भयंकर भाजला. डावा हात आखडून वाकडा झाला. तो कामाचा राहील अशी आशा कुणाला नव्हती. शेवटी घरच्यांनीच तो हात मोडून सरळ केला. त्याच हाताने पुढे त्यांनी घोड्याचा लगाम धरला आणि बंदूकही धरली.

हेलेना गावात त्या काळी अमेरिकन यादवी युद्धात लढलेले म्हातारे सैनिक राहत होते. कीथ त्यांच्याजवळ बसून ऐकत आणि शिकत. त्यांच्या हातातले सुरुवातीचे रिव्हॉल्व्हर .36 बोअरचे जुने कोल्ट नेव्ही होते. त्यात दारू आणि गोळी वेगवेगळी ठासून भरावी लागे. असे हत्यार वापरणाऱ्याला उधळपट्टी परवडत नाही. प्रत्येक बार हाताने भरायचा, मग नेम धरायचा.

तरुणपणी ते गुराखी झाले, घोडे माणसाळवू लागले, शिकाऱ्यांना डोंगरात घेऊन जाऊ लागले. अशा कामात रायफल खोगिराला अडकवलेली असते आणि गरज नेमकी घोड्यावरून उतरल्यावर पडते. म्हणून कमरेला जोरदार रिव्हॉल्व्हर हवे. त्या प्रदेशात अशा कामासाठी .45 कोल्ट हे नाव सर्वांच्या तोंडी होते. कीथ यांनीही तेच घेतले. पण त्यातली तयार काडतुसे त्यांना कमी जोराची वाटत. ते स्वतः काडतुसे भरत आणि जोर वाढवत नेत.

4 जुलै 1925, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. आनंदाने बार काढताना त्यांच्या हातातले .45 फुटले. फिरत्या चक्राचा वरचा भाग आणि त्यावरची पोलादी पट्टी उडून गेली. माणूस वाचला. दुसरा कोणी असता तर त्याने कंपनीला शिव्या घातल्या असत्या किंवा रिव्हॉल्व्हरचा नाद सोडला असता. कीथ यांनी हत्यार कुठे फुटले ते पाहिले.

इथे मी मुलाला थांबवले. दुसऱ्या दिवशी पाइपचे दोन तुकडे आणि व्हर्नियर घरी आणले. दोन्ही तुकडे बाहेरून सारखे, आतले भोक वेगळे. त्याला मोजायला लावले. मग कागदावर सहा भोकांचे चक्र काढले. .45 कोल्टच्या काडतुसाची जाडी सुमारे 12.2 मिलिमीटर, .44 स्पेशलची सुमारे 11.6. चक्र बाहेरून तेवढेच. म्हणजे .44 मध्ये दोन भोकांच्या मधल्या भिंतीत अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक पोलाद शिल्लक राहते आणि बाहेरच्या बाजूला त्याच्या निम्मे. डोळ्याला हा फरक दिसत नाही. पण स्फोटाचा दाब पोलादाच्या नावाकडे पाहत नाही, तो सगळ्यांत पातळ जागा शोधतो. आमच्या तपासणीच्या यंत्रात तुकडा तुटतो तोही जिथे सगळ्यांत कमजोर असेल तिथेच.

कीथ .45 सोडून .44 स्पेशलकडे वळले. हे काडतूस 1908 च्या सुमारास बाजारात आलेले होते आणि कारखान्याच्या भरणीत मवाळच होते. म्हणजे त्यांनी आकड्याने लहान हत्यार निवडले, कारण त्यात राखीव ताकद होती. पुढची अनेक वर्षे त्यांनी त्यावर काम केले. गोळीचा आकार स्वतः आखला, त्यात चपटे तोंड आणि धारदार खांदा ठेवला. 1929 मध्ये अमेरिकन रायफलमन या मासिकात आपल्या मनासारख्या घडवून घेतलेल्या रिव्हॉल्व्हरवर लेख लिहिला. दुसऱ्या महायुद्धात ते युटामधल्या ऑग्डेन शस्त्रागारात तपासनीस होते. त्यांच्या नजरेखालून गेलेल्या रायफलींवर त्यांची आद्याक्षरे उमटत. हे वाचून मला साहजिकच बरे वाटले. आमचीही सही अशीच मालाबरोबर बाहेर जाते.

ते कंपन्यांच्या मागे लागले होते की, याच मापाचे पण अधिक जोराचे काडतूस आणि ते झेपेल असे रिव्हॉल्व्हर बनवा. 1955 च्या अखेरीस रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन यांनी ते बनवले. तेच .44 मॅग्नम. त्याच वर्षी त्यांचे सिक्सगन्स हे पुस्तकही निघाले. 14 फेब्रुवारी 1984 रोजी ते वारले. त्यांनी सांगितलेल्या काही लांब पल्ल्याच्या बारांवर लोक अजूनही वाद घालतात. एका जखमी हरणावर सहाशे यार्डांवरून रिव्हॉल्व्हर चालवल्याची कथा त्यातलीच. तो वाद मी मुलापासून लपवला नाही. मोठ्या माणसाची प्रत्येक गोष्ट अनुकरणाची नसते.

मग प्रश्न परत आपल्या दारात आला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली, आणि ती संपली हे योग्यच झाले. शस्त्र परवान्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण लागतात. सैन्य-पोलिसांच्या मापाची मोठी हत्यारे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. कानपूरच्या सरकारी कारखान्यात नागरिकांसाठी बनते ते .32 बोअरचे. त्यामुळे आपल्या मुलांसाठी खरी वाट नेमबाजीच्या मैदानावरूनच जाते. ती वाट बांधायला एका मराठी माणसाचा हात लागला आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी 1951 मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते.

त्या वाटेवर सुरुवात 10 मीटरवर, 4.5 मिलिमीटरच्या छऱ्याने होते. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या सैन्यातले सुभेदार विजय कुमार यांनी रौप्यपदक मिळवले, कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. दोघांच्याही हातात .22 चे पिस्तूल होते. मोठ्या बोअरचा धक्का आणि आवाज नवशिक्याला डोळे मिटायला शिकवतो. ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही.

सगळे ऐकून मुलगा गप्प राहिला. त्याचा थोडा विरस झाला हे दिसत होते, आणि मीही समजूत घातली नाही. रिकामी ट्रंक भरताना त्याने पाइपचे दोन्ही तुकडे मात्र बरोबर घेतले. जानेवारीत त्याचे पत्र आले. एअर पिस्तुलाच्या सरावाला नाव घातले आहे, उस्तादांनी पहिला आठवडा छरा भरूच दिला नाही, नुसता हात सरळ धरून उभे केले, दंड भरून येतात, असे त्यात लिहिले होते. रिव्हॉल्व्हरचा विषय पत्रात कुठेच नव्हता. खाली ताजा कलम होता : व्हर्नियर परत द्यायचे राहिले, ते ट्रंकेत आले आहे, होळीला घेऊन येतो.