विष्णुशास्त्री चिपळूणकर : सव्वादोन वर्षांचे स्वातंत्र्य

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. वडील कृष्णशास्त्री शिक्षणखात्यातील मान्यवर विद्वान, बी.ए. झाल्यावर पुत्रानेही सरकारी शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि मराठी गद्याला नवे तेज आले. पुढे त्यांची बदली रत्नागिरीस झाली. छापखाने, स्नेही व वाचकवर्ग पुण्यात आणि लेखक समुद्रकाठी, अशी स्थिती झाली.

१८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. निश्चित वेतन गेले. हाती उरली ती लेखणी. जानेवारी १८८० मध्ये टिळकांच्या साहाय्याने त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल उघडले. पुढे आगरकरही येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली. कोल्हापूर प्रकरणावरून या पत्रांवर खटला चालू असतानाच १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, शास्त्रीबुवा निवर्तले.

ज्या निवृत्तिवेतनावर त्यांनी पाणी सोडले, ते घेण्याइतके आयुष्य त्यांना लाभलेच नाही. ती शाळा आणि 'केसरी' मात्र शंभरी ओलांडून आजही चालू आहेत.